गुण राहतो कुठे?

कार्बनचे दोन गोळे, ऑक्सिजनचा एक, हायड्रोजनचे सहा. एकूण नऊ गोळे आणि ते जोडायला आठ काड्या. एवढ्या सामानातून दोनच रेणू होतात, तिसरा होत नाही. ऑक्सिजन एका बाजूला, कार्बन आणि हायड्रोजनच्या मध्ये बसवला की इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल. तोच ऑक्सिजन उपसून दोन कार्बनांच्या मधोमध बसवला की डायमिथाइल ईथर. पहिला पदार्थ ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. दुसरा उणे २४ अंशांनाच उकळतो, म्हणून आपल्या हवेत तो वायूच असतो. फवाऱ्याच्या डब्यांत दाब द्यायला तो वापरतात. इथेनॉलमध्ये सोडियमचा तुकडा टाकला तर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, ईथर मात्र ढिम्म हलत नाही. गोळे तेच, काड्या तेवढ्याच, वजनही तेच.

मग पदार्थाचे गुण राहतात कुठे? गोळ्यांत म्हणावं तर एकही गोळा बदललेला नाही. जुळणीत म्हणावं तर जुळणी ही वस्तू आहे तरी काय? ती वेगळी काढून हातात घेता येत नाही, तिचं वजन करता येत नाही, आणि तिच्यावाचून नुसत्या गोळ्यांना काही अर्थ नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, आणि सेंद्रिय रसायनाची सुरुवात नेहमी फळ्याऐवजी गोळ्या-काड्यांनी केली. प्लास्टिकचा तयार संच कपाटात कुलूपबंद असे. एखादा गोळा हरवला तर भरपाई कोण करणार, म्हणून तो मुलांच्या हाती द्यायची सोय नव्हती. माझं त्यावाचून अडलं नाही, पण मुलांपासून लपवलेला संच घ्यायचाच कशाला, हे मला कधी पटलं नाही. आम्ही कार्बनसाठी शाडूचे गोळे करायचो, ऑक्सिजनसाठी गेरू कालवलेल्या शाडूचे, आणि हायड्रोजनसाठी रात्रभर भिजवलेले हरभरे. ओल्या हरभऱ्यात दातकोरणीची काडी सहज घुसते आणि हरभरा वाळताना आवळत जाऊन तिला घट्ट धरतो. शाडूही तोवर सुकते. मग रेणू टेबलावरून खाली पडला तरी सहसा मोडत नाही.

प्रश्न मात्र मला रसायनशास्त्राने दिला नाही, माझ्या वडिलांनी दिला. नाना वाईला शास्त्र्यांकडे न्यायशास्त्र शिकले, पोटासाठी शाळेत संस्कृत शिकवलं, आणि अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा कण दाखवून ते म्हणत, "हे त्र्यणुक. डोळ्यांना दिसणारी सगळ्यांत लहान वस्तू." वैशेषिकांच्या हिशेबाने दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, म्हणजे त्या कणात परमाणू सहा. आजच्या मोजमापाने तशा कणात कोटीच्या कोटीपट अणू भरतील. पण आकडा चुकला म्हणून विचार फेकून देऊ नये. वैशेषिक, म्हणजे कणादांचे अनुयायी, जो प्रश्न विचारत होते, तोच मी ताटलीत मांडत होते.

त्यांचं उत्तर दोन भागांत येतं. पहिला भाग असा की, अवयव जोडले गेले की त्यांच्याहून वेगळं असं एक नवं द्रव्य जन्माला येतं, ते अवयवी. वस्त्र म्हणजे धाग्यांचा ढीग नव्हे. वस्त्र ही निराळी वस्तू, धाग्यांत समवायसंबंधाने, म्हणजे न सुटणाऱ्या नात्याने, राहणारी. बौद्धांना हे मुळीच मान्य नव्हतं. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचं उदाहरण देऊन विचारलं होतं की चाक, आस, जू यांवेगळा रथ कुठे आहे. हा वाद आपल्याकडे शतकानुशतकं चालला, आणि दोन्ही बाजूंनी तो जिवाच्या आकांताने लढवला. उत्तराचा दुसरा भाग असा की, कारणाचे गुण कार्यात उतरतात. धागे पांढरे, म्हणून वस्त्र पांढरं.

एकदा मी नानांपुढे दोन्ही रेणू ठेवले आणि म्हटलं, "नाना, यातला कोणता गोळा पालटला ते दाखवा."

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, "पाक झाला असेल. पाकाने परमाणूंचेच गुण पालटतात, हे आम्ही सांगतोच."

पाक म्हणजे तेजाचा संयोग. कच्चं मडकं काळपट, भाजलेलं तांबडं. वैशेषिक म्हणतात, भट्टीत मडकं परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात. नैयायिक म्हणतात, मडकं तसंच राहतं आणि रंग बदलतो. नानांचं उत्तर अगदी शास्त्राला धरून होतं.

मी म्हटलं, "मग दोन्ही जाळून बघू. दोन्हींच्या एकेका रेणूला ऑक्सिजनचे तीनच रेणू लागतात, आणि दोन्हींतून कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि पाण्याचे तीनच रेणू निघतात. परमाणू आतून पालटले असते तर जळून सारखंच कसं निघालं असतं?"

नाना बराच वेळ हरभरे चाचपत राहिले. मग म्हणाले, "तर अवयवी आमचा राहिला. अवयव तेच असून वस्तू निराळी, हे तू माझ्याच बाजूने सिद्ध केलंस. पण धाग्यांचा गुण वस्त्रात उतरतो, हे इथे लागू पडत नाही. ते सोडावं लागेल."

शास्त्र हा त्यांचा जीव होता, आणि तरी त्यातला एक नियम त्यांनी पुराव्यापुढे सोडला. न्याय शिकलेला माणूस असाच असायला हवा, असं मला वाटतं.

आता तो नियम सोडला की समोर चार्वाक उभा राहतो. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ नाहीसे झाले. त्यांचं म्हणणं आपल्याला बहुतेक विरोधकांच्या पुस्तकांतून कळतं. माधवाचार्यांचा चौदाव्या शतकातला सर्वदर्शनसंग्रह तर चार्वाकापासूनच सुरू होतो. त्यांचा युक्तिवाद असा: मद्याच्या घटकांपैकी एकातही मद आणणारी शक्ती नसते, ते एकत्र येऊन आंबले की ती शक्ती उपजते. तसंच पृथ्वी, जल, तेज, वायू यांपैकी कशातच चैतन्य नाही, पण ती देहाच्या रूपात जुळली की चैतन्य उपजतं. देह सुटला की तेही संपतं. आत्मा म्हणून वेगळं काही मानायचं कारण नाही.

हा दृष्टांत गोळ्या-काड्यांनी तपासता येतो. ग्लुकोजचा एक रेणू करायचा: कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६, एकूण २४ गोळे. यीस्ट त्याचं जे करतं तेच आपण हातांनी करायचं, म्हणजे तो मोडून इथेनॉलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू जुळवायचे. नऊ दुणे अठरा आणि तीन दुणे सहा, पुन्हा २४. बाहेरून एक गोळा आला नाही, आतला एक बाहेर गेला नाही. गुळाच्या पाण्यात मद नव्हता, आता आहे. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे उसाच्या मळीपासून हे रोज टाक्यांच्या टाक्या भरून घडतं. चार्वाकांनी मद्याचं जे सांगितलं ते शब्दशः खरं आहे, आणि देव मानणाऱ्यांनीही ते खळखळ न करता मान्य करावं.

सजीवांच्या पदार्थांबद्दलही असाच एक जुना समज ढळला. १८२८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेट तापवलं आणि त्यांच्या हाती युरिया आला, मूत्रातला युरिया, तोही मूत्रपिंडाशिवाय. हे मॉडेल करायला फार सोपं. कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार. सायनेटमध्ये चारही हायड्रोजन एकाच नायट्रोजनला लटकलेले असतात. युरियात ते दोन-दोन वाटले जातात आणि दोन्ही नायट्रोजन कार्बनला जोडले जातात. हातातल्या हातात आठ गोळ्यांची फेरमांडणी, आणि खनिज समजला जाणारा पदार्थ शरीरातला होतो. जीवनशक्तीची कल्पना या एका प्रयोगाने लगेच संपली नाही, पण तिच्या पायाखालची माती सरकायला लागली.

इथपर्यंत "गुण जुळणीत राहतो" हे उत्तर पुरं पडतं. पुढे ते अपुरं ठरतं, आणि ते का, हे गोळे हातात घेतल्यावरच कळतं.

मुलांना मिथेन करायला सांगितलं की जवळजवळ सगळी मुलं अधिकच्या चिन्हासारखं सपाट करतात, कारण पुस्तकात आणि फळ्यावर तसंच काढलेलं असतं. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट हॉफमन यांनी क्रोकेच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून रेणू दाखवले, तेही असेच सपाट होते. काळा कार्बन, तांबडा ऑक्सिजन, निळा नायट्रोजन, पांढरा हायड्रोजन, हिरवा क्लोरीन हे रंग त्यांच्या त्या व्याख्यानातून जगभर रूढ झाले आणि आजही तेच चालतात. मी मुलांना चार फुगे सारखे फुगवून देठाशी एकत्र बांधायला लावत असे. बांधल्याबरोबर फुगे सपाट राहायचं नाकारतात. एकमेकांना ढकलत चार दिशांना जातात आणि चतुष्फलक आपोआप तयार होतो. दोन फुग्यांमधला कोन सुमारे १०९.५ अंश. मग मुलं आपला सपाट मिथेन मोडतात आणि हरभरे पुन्हा खोचतात. तीन खाली, एक वर.

कार्बनचे हात असे चार कोपऱ्यांकडे असतात, हे १८७४ मध्ये याकोबस व्हांट हॉफ यांनी एका छोट्या पुस्तिकेत मांडलं, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. त्याच वर्षी फ्रान्सच्या ल बेल यांनीही स्वतंत्रपणे तसंच सांगितलं. व्हांट हॉफ पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक करून ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवत. त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी १८७७ मध्ये त्यांच्यावर जहरी टीका केली. उट्रेख्टच्या पशुवैद्यक शाळेतल्या या माणसाने कल्पनेचा पंखवाला घोडा भाड्याने घेतलाय, असा तिचा रोख होता. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल त्याच व्हांट हॉफना मिळालं.

कार्बनला चार वेगवेगळे गट जोडले की जुळणीत एक नवीन गोष्ट शिरते. कोण कोणाला जोडलंय, हे सगळं तेच ठेवूनही दोन रेणू होतात, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी उजवी होत नाही, तसे हे दोघे एकमेकांवर बसत नाहीत. नानांना हे फार आवडलं होतं, कारण वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत दिक्, म्हणजे दिशा, हेही एक द्रव्य आहे. "दिशा मोजायला हवी, हे आम्ही विसरलो नव्हतो," असं ते म्हणायचे. पण तेवढ्यावरून कणादांना कार्बन ठाऊक होता, असं कोणी म्हणू लागलं तर नानांचा पारा चढे. माझाही चढतो. पूर्वजांच्या विचाराची थोरवी त्यांच्या प्रश्नांत आहे. त्यांच्या तोंडी आजची उत्तरं घालणं हा त्यांचा अपमान आहे.

माझा सगळ्यांत आवडता रेणू कार्वोन. कार्बन १०, हायड्रोजन १४, ऑक्सिजन १. तो करायला वेळ लागतो: सहा कार्बनांचं कडं, त्यावर एका जागी ऑक्सिजन, शेजारी एक छोटा गट आणि पलीकडच्या बाजूला तीन कार्बनांची फांदी. ही फांदी ज्या कार्बनावर बसते तिथे डावं-उजवं ठरतं. एक रेणू करायचा, आरशासमोर ठेवायचा, आणि आरशात दिसतो तसा दुसरा करायचा. दोन्हींचा उत्कलनबिंदू एकच, घनता एकच, सगळे बंध सारखे. पण एकाला पुदिन्याचा वास येतो आणि दुसऱ्याला बाळंतशेपेचा. पहिला पुदिन्याच्या तेलात मुबलक सापडतो, दुसरा शेपेच्या बियांत आणि विलायती शहाजिऱ्यात. हा फरक एखाद्या भेसळीमुळे तर नाही ना, अशी शंका पूर्वी घेतली जाई; १९७१ मध्ये अतिशय शुद्ध नमुने वापरून ती मिटवली गेली.

आता सांगा, वास राहतो कुठे? गोळ्यांत नाही. आणि एकट्या रेणूच्या जुळणीतही नाही, कारण या दोघांच्या जुळणीत एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही असं काहीच नाही. फक्त डावं-उजवं आहे, आणि डावं-उजवं दुसरं कुणी समोर असल्याशिवाय उघड होत नाही. इथे समोर आहे आपलं नाक. गंध ओळखणारे नाकातले ग्राही १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी शोधले. ते ग्राही प्रथिनांचे असतात आणि प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची. म्हणजे नाकालाही डावं-उजवं आहे. रेणू आणि नाक यांच्या भेटीत पुदिना पुदिना होतो.

तर्कसंग्रहात पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केली आहे: जिच्यात गंध राहतो ती पृथ्वी. मी नानांना म्हटलं, "तुमच्या व्याख्येचं आता काय?" त्यांचं उत्तर मला अजून पुरतं. म्हणाले, "घ्राणेंद्रिय पार्थिव आहे, हेही तिथेच लिहिलंय. नाक पृथ्वीचंच, म्हणून त्याला पृथ्वीचा गुण कळतो. आणि २४ गुणांच्या यादीत संयोग आहे, तो विसरू नकोस. तो एकाच वेळी दोघांत राहणारा गुण आहे." मला वाटतं, गंधाची खरी जागा संयोगाच्या जवळपास आहे. नानांच्या शास्त्राने गंध एका द्रव्याच्या पदरात टाकला, पण दोघांत मिळून राहणारा गुण असू शकतो ही जागा त्याच शास्त्राने मोकळी ठेवली होती.

कुणी म्हणेल, मॉडेल म्हणजे रेणूची मूर्तीच की. ही उपमा मी बऱ्याचदा ऐकते आणि मला ती पटत नाही. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतात, आणि मग ती कुणी सुटी करून पाहत नाही. मॉडेलचा उपयोगच मोडण्यासाठी असतो. मोडल्याशिवाय इथेनॉलचं ईथर होत नाही. शिवाय मॉडेलमध्ये खोटंही पुष्कळ आहे. अणूला रंग नसतो, बंधाची काडी नसते, आणि टेबलावर निमूट बसलेल्या इथेनच्या रेणूची दोन टोकं खरोखर एका सेकंदात अब्जावधी वेळा फिरतात. प्रमाणाचं तर बोलायलाच नको. दोन कार्बनांमधली काडी तीन सेंटिमीटरची घेतली तर रेणू सुमारे २० कोटी पट मोठा झाला. ती काडी खोचणारी दीड मीटर उंचीची मुलगी त्याच प्रमाणात वाढवली तर तीन लाख किलोमीटर उंच होईल, पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. इतकं खोटं असूनही कोण कोणाला जोडलंय आणि कुठल्या बाजूला, हे मॉडेल खरं सांगतं. माझ्या प्रश्नाला तेवढंच लागतं.

आता पुन्हा चार्वाकांकडे. कार्वोनच्या वासाचं जे झालं तेच मदाचंही आहे. बाटलीतलं इथेनॉल झिंगत नाही. ते जिवंत माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशींपर्यंत पोचतं, तिथल्या प्रथिनांच्या कामात ढवळाढवळ करतं, आणि मग मद येतो. म्हणजे मद उपजण्यासाठी पिणारा लागतो, आणि तो जागा, जाणणारा असावा लागतो. चैतन्य जुळणीतून उपजतं हे दाखवण्यासाठी चार्वाकांनी जो दृष्टांत दिला, त्यात चैतन्य आधीच बसलेलं आहे. न्यायशास्त्राचा साधा नियम आहे की दृष्टांत वादी आणि प्रतिवादी दोघांना सारखा मान्य हवा आणि जे सिद्ध करायचं ते त्यात गृहीत नसावं. इथे ते गृहीत आहे. चार्वाक म्हणतील, आम्ही मदाची शक्ती म्हटलं, प्रत्यक्ष मद नव्हे. ठीक. पण कशाची शक्ती, हे सांगताना पिणाऱ्याचा उल्लेख त्यांना टाळता येणार नाही.

याने आत्मा सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. उलट आत्मवाद्यांचेही सगळे युक्तिवाद सारख्या ताकदीचे नाहीत. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात चार्वाकांच्या मताला उत्तर दिलं आहे. चैतन्य देहाचा गुण असता तर प्रेतातही दिसला असता, हा त्यांचा एक मुद्दा. रसायन शिकलेल्या माणसाला तो लंगडा वाटतो, कारण मेल्यावर देहातली जुळणी आणि तिची अखंड उलाढाल तीच राहत नाही. पण दुसरा मुद्दा असा की, भूतं, म्हणजे पृथ्वी-जलादी द्रव्यं, जाणली जातात. जे जाणलं जातं त्याचाच गुण जाणणारा कसा होईल? त्याला मी गोळ्या-काड्यांनी उत्तर देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कुणी तसं दिलेलं मी वाचलेलं नाही. कितीही मोठं मॉडेल करा, ग्लुकोजचं करा, प्रथिनाचं करा, उद्या अख्ख्या मेंदूचं करा. त्याच्यासमोर बसून हे अमुक, ते तमुक असं ओळखणारा त्या टेबलावर नसतो. माझा कौल असा की, मद्याच्या बाबतीत चार्वाक पूर्ण बरोबर, आणि चैतन्याच्या बाबतीत त्यांचा निकाल घाईचा. वाद अजून खुला आहे आणि तो खुलाच चालवायला हवा.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तर्कसंग्रह शिकवणाऱ्या पाठशाळा आणि कार्बनचं प्रकरण शिकवणारी महाविद्यालयं आपल्याकडे कित्येक गावांत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, पण एकीकडची मुलं दुसरीकडे कधी जात नाहीत. पृथ्वीचं लक्षण शिकवाल त्या आठवड्यात विद्यार्थ्यांकडून कार्वोनचे दोन्ही रेणू करून घ्या आणि त्यांना पुदिना व बाळंतशेप हुंगायला द्या. समघटक, म्हणजे अणू तेच पण जुळणी वेगळी असे रेणू, शिकवाल तेव्हा अवयव आणि अवयवीचा वाद अर्धा तास सांगा. आणि प्रयोगशाळेतल्या संचाची किल्ली मुलांच्या हाती द्या. एखादा गोळा हरवला तर त्याच्या जागी भिजवलेला हरभरा चालतो.